किराणा, भीती आणि वीस रुपयांचे तेल

२४ मार्च २०२० ची संध्याकाळ ही गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, हे आता फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. साखरगाठी, चण्याची डाळ, कडुनिंबाचा डहाळा अशी नेहमीची खरेदी करायला बरीच माणसे तशीही बाहेर पडलेली होती. रात्री आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण झाले, मध्यरात्रीपासून देश २१ दिवस बंद राहणार असे जाहीर झाले आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात पुण्यातल्या आमच्या भागातल्या प्रत्येक किराणा दुकानासमोर एवढी गर्दी लोटली की, ज्या कोरोनापासून वाचण्यासाठी घरात बसायचे होते, त्याच आजाराला माणसांनी खांद्याला खांदा लावून आमंत्रण दिले. महाराष्ट्राला बंदी तशी नवी नव्हती. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले होते, २२ ला जनता कर्फ्यू पाळून झाला होता आणि २३ ला राज्यभर संचारबंदी जाहीर झाली होती. नवा होता तो २१ हा आकडा. घरातल्या बाईने आणि बाप्याने तो आकडा ऐकताक्षणी रोजच्या पोळ्यांनी, वाटीभर डाळीने, दुधाच्या पिशव्यांनी गुणून पाहिला, आणि गुणाकार झाल्यावर पिशवी उचलली.

त्या गर्दीला हावरट म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही सहमत नव्हते आणि आजही नाही. उद्या दुकान उघडेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आज दोन किलो जास्त पीठ घेणे यात त्याच्यापुरता शहाणपणाच आहे. अडचण अशी की, प्रत्येकाचा हा शहाणपणा एकाच संध्याकाळी एकत्र आला, म्हणजे जी टंचाई नसते ती तयार होते. समजा, एका दुकानाशी २०० कुटुंबे बांधलेली आहेत आणि प्रत्येक कुटुंब महिन्याला पाच किलो कणीक नेते. कोणाची यादी एक तारखेला येते, कोणाची दहाला, कोणाची पगार उशिरा झाला म्हणून पंधराला. त्यामुळे दुकानदाराच्या दृष्टीने दिवसाला सात कुटुंबे आणि ३५ किलो कणीक, एवढाच तो व्यवहार असतो. त्याच्या मागच्या खोलीतला माल, त्याचे उधारीचे चक्र, घाऊक बाजारात जाणाऱ्या टेम्पोच्या फेऱ्या, सगळे या ३५ किलोंच्या हिशेबाने बेतलेले असते. आता त्या २०० पैकी फक्त ५० कुटुंबे एकाच दिवशी आली आणि प्रत्येकाने पाचाऐवजी दहा किलो मागितली, तर त्या एका दिवसाची मागणी ५०० किलो होते. वर्षभरात ही कुटुंबे जास्तीची एकही पोळी खाणार नसतात. पीठ दुकानाच्या मागच्या खोलीतून त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत गेलेले असते, एवढेच. पण रिकामी फळी डोळ्यांना दिसते, आणि दुसऱ्याच्या घरातला भरलेला डबा मात्र दिसत नाही.

धान्य देशात होते, हे तर सरकारी आकडेच सांगत होते. त्या मार्चमध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या आणि राज्यांच्या गोदामांत मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ पडून होता. एक एप्रिलला राखीव म्हणून जेवढा साठा असायला हवा, त्याच्या अडीच पटींहून जास्त. रब्बीचा गहू शेतांत कापणीला आलेला होता. कमी पडले ते हात. ट्रक निघत होते, पण महामार्गावरचे ढाबे बंद, पंक्चर काढणारा गावी गेलेला, जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस अडवतील ही धास्ती, त्यामुळे कित्येक चालक गाडी जागेवर लावून घरी परतले होते. डाळीच्या गिरण्यांत कामगार नव्हते. पुण्याच्या घाऊक बाजारात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, हमाल नसेल तर पोते गाडीतून उतरत नाही, आणि पोते उतरले नाही तर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ येत नाही, ही साखळी आम्हां शहरी लोकांना त्या महिन्यात पहिल्यांदा नीट समजली. नवी मुंबईत वाशीच्या बाजार समितीच्या आवारात संसर्ग इतका पसरला की, मे महिन्यात ११ ते १७ असा आठवडाभर तो अवाढव्य बाजार बंद ठेवावा लागला. मुंबईची चूल ज्या फाटकातून पेटते ते फाटकच बंद झाले होते.

एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे नासाडी, असे दोन्ही एकाच आठवड्यात घडत होते, हे मला त्या काळातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते. शहरात सकाळी सहा वाजता दुधाच्या पिशवीसाठी रांग लागत होती. आणि हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद पडल्यामुळे गावाकडच्या संकलन केंद्रांवर दूध घ्यायला कोणी नव्हते. शेवटी राज्य सरकारला रोजचे दहा लाख लिटर दूध २५ रुपये लिटरने खरेदी करून त्याची भुकटी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. कोंबडीतून कोरोना होतो ही अफवा तर त्याआधीच, फेब्रुवारीत, पसरली होती, आणि पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत पक्षी कवडीमोल भावाने विकले, फुकट वाटले, काहींनी खड्ड्यांत पुरले. जे अन्न होते त्याची भीती वाटत होती, आणि जे संपणार नव्हते ते संपेल अशीही भीती वाटत होती.

साठा करणे ही गोष्ट आपल्याकडे मुळातच दोषाची मानलेली नाही, उलट तो संसाराचा गुण समजला जातो. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात आला की वर्षाचा लोकवन किंवा सिहोर भरायचा, त्याला ऊन दाखवायचे, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायचा. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा. तिखट, हळद, मसाला करून बरण्या बांधायच्या. कुरडया, पापड, सांडगे वाळवायचे. पावसाळ्याची ही बेगमी ज्या घरात झाली नाही त्या घराच्या गृहिणीला बोल लावला जात असे. माझ्या आईने तर १९७२ चा दुष्काळ तरुणपणी पाहिलेला. रेशनवर मिळणारी मिलो नावाची तांबडी ज्वारी, दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी, घरातल्या मोठ्यांनी अर्धी भाकरी मागे ठेवणे, हे सगळे तिने अनुभवलेले असल्यामुळे डब्यात तळ दिसला की आजही तिचा जीव खालीवर होतो. अशा माणसांना टाळेबंदीच्या संध्याकाळी ‘घाबरू नका’ असे सांगून काही उपयोग नसतो, कारण त्यांची भीती अफवेतून आलेली नसते, आठवणीतून आलेली असते.

मात्र बेगमी आणि त्या संध्याकाळची खरेदी यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बेगमी सुगीच्या दिवसांत होते. बाजारात माल उतू जात असतो, भाव उतरलेले असतात, तेव्हा घराघरांनी दोन-दोन पोती उचलली तर शेतकऱ्याचेही भले होते आणि पुढे पावसाळ्यात, आवक कमी झाल्यावर, ती घरे बाजारावर भार टाकत नाहीत. म्हणजे बेगमीमुळे इतरांच्या वाट्याचे काही कमी होत नाही, थोडे वाढतेच. टंचाईच्या भीतीने केलेली खरेदी याच्या बरोबर उलट वेळी होते. आवक अडलेली असताना, फळीवर शेवटच्या वीस पिशव्या उरलेल्या असताना, ज्याच्या खिशात पैसे आहेत तो त्यांतल्या पाच नेतो. दोन्ही घरांतले डबे सारखेच भरलेले दिसतात. शेजारच्या वस्तीवर होणारा परिणाम मात्र अगदी वेगळा असतो.

या शेजारच्या वस्तीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. आमच्या सोसायटीच्या मागे ओढ्याच्या काठाने पत्र्याच्या घरांची वस्ती आहे, आणि कोपऱ्यावरचे दुकान आमचे जेवढे, तेवढेच त्या वस्तीचे. आमच्या घरांतून महिन्याची यादी जाते. वस्तीतली बहुतेक घरे रोज संध्याकाळी, दिवसाची मजुरी हातात आल्यावर, त्या रात्रीपुरते आणि दुसऱ्या सकाळपुरते घेतात: पाच रुपयांची चहापावडर, दहा रुपयांची साखर, पाव किलो तांदूळ, वीस रुपयांचे गोडेतेल, मिरचीपूड कागदाच्या पुडीत. गिऱ्हाईक छोटी बाटली घरून आणते आणि दुकानदार पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यातून मापाने तेल ओततो. या व्यवहाराला वेळ लागतो. पुडी बांधायला, माप धरायला, चिल्लर मोजायला एक माणूस सतत गुंतलेला असतो.

टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात दुकानासमोर दोरी बांधली होती, रस्त्यावर चुन्याची वर्तुळे काढली होती, पैसे घेण्यासाठी गल्ल्यापाशी प्लॅस्टिकची टोपली ठेवली होती. दुकानात एरवी काम करणारी दोन मुले राजस्थानातल्या आपल्या गावी निघून गेली होती. मागे उरले होते दुकानदार काका आणि त्यांची पत्नी. त्या दोघांसमोर रोज सकाळी आमच्यासारख्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पन्नास-साठ कलमी याद्या येऊन पडत होत्या. रवा दोन किलो, पोहे दोन किलो, साबुदाणा, शेंगदाणे, राजमा, तीन प्रकारच्या डाळी, बिस्किटांचे मोठे पुडे, वर भांडी घासायचा साबण. एक यादी भरायला अर्धा-पाऊण तास. दुकान उघडे ठेवण्याची परवानगी काही तासांचीच, त्यामुळे त्या तासांत पाच-सात मोठ्या याद्या भरून झाल्या की शटर खाली ओढायची वेळ येई. मी रांगेत उभी असताना माझ्या पुढे एक बाई होती, हातात तेलाची रिकामी बाटली आणि कडेवर मूल. तिचा नंबर आल्यावर काकांनी, अगदी अजिजीने, सांगितले, ‘ताई, सुटे देता येत नाही हो, एकटाच आहे, लिटरची पिशवी घेऊन जा ना.’ तिने पिशवीची किंमत विचारली, बाटली पदराखाली घेतली आणि ती बाजूला झाली. दुकानात तेल भरपूर होते. तिला हवे होते तेवढे, आणि ती देऊ शकत होती तेवढ्या पैशांचे, मात्र त्या दिवशी नव्हते.

त्या क्षणापासून ‘टंचाई’ या गोष्टीकडे मी निराळ्या नजरेने बघू लागले. फळी रिकामी होणे हे तिचे एक रूप. भरल्या दुकानातून माणसाला रिकाम्या हाताने परत जावे लागणे हे दुसरे, आणि ते जास्त क्रूर आहे, कारण ते कुठल्याही छायाचित्रात येत नाही. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हेच मांडले होते की, माणसे उपाशी मरतात ती दरवेळी अन्न नसते म्हणून मरत नाहीत. असलेल्या अन्नापर्यंत त्यांची पोच उरत नाही म्हणून मरतात. बंगालशी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण मजुरी बंद झालेली, वाढलेले भाव आणि सुटी विक्री थांबलेली, या तीन गोष्टी एका घरावर एकाच आठवड्यात कोसळल्या म्हणजे काय होते, ते मी त्या बाटलीकडे पाहून समजू शकले.

पुडीवर जगणारे फक्त वस्तीतच होते असेही नाही. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुले-मुली कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहतात आणि खाणावळीत जेवतात. त्यांच्याकडे गॅस नाही, कुकर नाही, कित्येकांकडे ताटसुद्धा नाही. खाणावळी बंद झाल्यावर ज्यांना गावी जाता आले नाही त्यांना किराणा मिळूनही फारसा उपयोग नव्हता. बिस्किटे आणि चिवडा यांवर त्यांनी दिवस काढले. पार्ले-जीचा मार्च ते मे या तीन महिन्यांतला खप त्या बिस्किटाच्या आठ दशकांच्या इतिहासातला सर्वाधिक ठरल्याच्या बातम्या नंतर आल्या, तेव्हा अनेकांना त्या बालपणीच्या आठवणींमुळे गोड वाटल्या. मला त्या आकड्यात बिनचुलीची माणसे दिसली: खोलीत अडकलेले विद्यार्थी, रस्त्याने चालत निघालेले मजूर आणि त्यांना वाटण्यासाठी खोकीच्या खोकी विकत घेणाऱ्या संस्था.

दुकानदार काकांनी पुढे एक गोष्ट केली, तिची नोंद कुठल्याही सरकारी अहवालात नसेल. आठवड्याभराने त्यांनी यादी घेण्याचे बंद केले आणि पाटी लावली की, एका घराला कणीक पाच किलो, डाळ दोन किलो, तेल दोन पिशव्या, त्यावर काही मिळणार नाही. आमच्या सोसायटीतले काही जण नाराज झाले. रोख पैसे देऊनही माल मिळत नाही म्हणजे काय, असा त्यांचा सूर होता. काका शांतपणे म्हणाले, ‘तुमच्या घरात चार माणसं आहेत, मला ठाऊक आहे.’ हे ठाऊक असणे फार मोलाचे होते. जगभरातल्या मोठ्या दुकानांना हीच गोष्ट नियम लावून करावी लागली. ऑस्ट्रेलियात मार्चच्या पहिल्याच आठवड्यात टॉयलेट पेपरवर माणशी मर्यादा आली. तिथे आणि ब्रिटनमध्येही सुपरमार्केटांनी दिवसाचा पहिला तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवला. सिंगापूरमध्ये ७ फेब्रुवारीला सरकारने इशाऱ्याची पातळी नारिंगी केली आणि त्याच संध्याकाळी तांदूळ आणि नूडल्सच्या फळ्या रिकाम्या झाल्या. तिथल्या आणि मेलबर्नच्या मराठी नातेवाइकांनी पाठवलेली रिकाम्या फळ्यांची छायाचित्रे आमच्या कुटुंबाच्या गटावर विषाणूच्याही आधी पोहोचली होती, आणि मार्चमध्ये आमच्याकडे जे झाले त्यात त्या छायाचित्रांचा वाटा होता असे मला ठामपणे वाटते. भरलेल्या गोदामाचे छायाचित्र कोणी कोणाला पाठवत नाही.

सरकारने काय करायला हवे होते, हे आज बोलणे सोपे आहे हे मान्य करूनही काही गोष्टी बोलायला हव्यात. ज्या आदेशाने देश बंद झाला त्याच आदेशात किराणा, भाजी, दूध आणि रेशन दुकाने उघडी राहतील असे स्पष्ट लिहिलेले होते. परंतु लोकांनी आदेश वाचला नाही, भाषण ऐकले. आणि भाषण संपल्यावर ‘घाबरण्याचे कारण नाही’ असा खुलासा येईपर्यंत माणसे रस्त्यावर उतरलेली होती. दुकाने उघडी राहणार, हे वाक्य आधी आणि २१ हा आकडा नंतर आला असता, तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती. मास्क आणि सॅनिटायझर १३ मार्चलाच जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले गेले, २१ मार्चला सॅनिटायझरच्या २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादाही लागली. तीच तत्परता मजुरांच्या ताटाबाबत दिसायला उशीर झाला. माणशी पाच किलो मोफत धान्याची घोषणा २६ मार्चला झाली, ती मोठी होती आणि तिने कोट्यवधी घरे तारली. पण ज्यांचे रेशनकार्ड बिहारमधल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या गावात होते आणि पोट पुण्यात होते, त्यांच्यासाठी बिनकार्डाचे धान्य जाहीर व्हायला मे महिना उजाडला. तोवर ती माणसे चालू लागली होती. शिवभोजन थाळीचा दर दहावरून पाच रुपयांवर आणला गेला, हे त्या दिवसांत मला राज्य सरकारचे सर्वांत समंजस पाऊल वाटले, कारण थाळीला चूल लागत नाही, कार्ड लागत नाही आणि एका जेवणापुरतेच पैसे लागतात.

१९७२ नंतरच्या महागाईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या होत्या, तेव्हा त्यांचा रोख साठेबाज व्यापाऱ्यांवर होता, गोदामांवर होता. तेल कुठे दडवले आहे ते दाखवता येत होते. आपल्या वेळी मात्र दडवलेला साठा कुठल्या एका गोदामात नव्हता. तो लाखो घरांच्या माळ्यांवर, पलंगाखालच्या खणांत, गॅलरीतल्या पिंपांत विखुरलेला होता. साठ्यावर मर्यादा घालणारा कायदा व्यापाऱ्याच्या दारापर्यंत जातो, स्वयंपाकघरात तो जात नाही आणि जाऊही नये. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, हीच गोष्ट प्राणवायूच्या सिलिंडरबाबत आणि कोरोनावर दिल्या जाणाऱ्या रेमडेसिविर इंजेक्शनबाबत घडली. धान्यासारखी स्थिती तेव्हा नव्हती, तुटवडा खरोखरच होता. आणि तरीही ‘लागले तर असावे’ म्हणून लोकांनी सिलिंडर घरी आणून ठेवल्यामुळे तो आणखी वाढला. एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना साठा करू नका असे जाहीर आवाहन करावे लागले. तेलाची पिशवी नाही मिळाली तर एक दिवस कालवण होत नाही. सिलिंडरचे तसे नव्हते.

पुन्हा कधी अशी वेळ आली, तर प्रत्येक प्रभागात पहिल्या दिवशी काय व्हावे, याचा विचार आताच व्हायला हवा असे मला वाटते. महापालिकेने आपल्या हद्दीतल्या किराणा दुकानांची यादी, त्यांच्या वेळा आणि त्यांच्याकडे माल आणणाऱ्या टेम्पोंचे परवाने आधीच तयार ठेवावेत. मार्केट यार्डातल्या हमालांना मास्क, विमा आणि येण्याजाण्याची सोय पहिल्याच दिवशी मिळावी, कारण तो माणूस कामावर आला तर अर्धी टंचाई तिथेच मिटते. आणि दुकान उघडल्यावरचे पहिले दोन तास मोठ्या याद्यांना पूर्ण बंद ठेवून फक्त सुट्या विक्रीसाठी राखावेत. सोसायट्यांमधल्या तरुणांनी आळीपाळीने दुकानात उभे राहून पुड्या बांधायला मदत केली, तर दुकानदाराला तेही जड जाणार नाही. आमच्या कोपऱ्यावर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून कॉलेजची दोन मुले असे काम करू लागली होती, आणि तेलाचा डबा पुन्हा गल्ल्याशेजारी आला होता.